वन्सं, धरणाकाठच्या त्या खोलीत

वन्सं,

काल तुमचा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. नदीवर जमलेली माणसं म्हणाली, बाईंचं काही राहिलं नव्हतं, समाधानानं गेल्या. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण शेवटचे महिने तुमचं सगळं मीच केलं होतं. मी मान हलवली. तुमचं नसेल राहिलं. माझं राहिलंय, पण ते सांगायची ती जागा नव्हती.

मला अजून रडू आलेलं नाही. आलेल्या बायका गळ्यात पडून रडतात, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. चहा ठेवते. कोण कुठं झोपणार, कुणाला गादी, कुणाला चटई, ते बघते. तुमच्या खोलीतला पंखा तसाच चालू राहिला होता. कुणीतरी तो बंद केला आणि एकदम शांत झालं, तेव्हा मला कळलं की इतके दिवस तो फिरत होता. कालच धाकट्या आत्याबाई म्हणाल्या, "रडून घे ग शालन, मोकळी हो." मी म्हटलं, "हो." आणि भाजी निवडत बसले.

असं मला पूर्वी एकदा झालं होतं. त्या वेळी तुम्ही होतात.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावात फोन फक्त पोस्टात होता. नऊ महिने पुरे भरले होते माझे. मंचरच्या दवाखान्यात मुलगी झाली, पण ती रडली नाही. मला गुंगी होती. पुरती जागी झाले तोवर सगळं उरकलं होतं. तुम्ही उशाशी बसला होतात आणि तुमच्या चपलांना ओली माती होती. मी मातीकडं बघितलं. तुम्ही पाय खाटेखाली घेतलेत. आपलं त्यावर तेव्हा एवढंच बोलणं झालं.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं की तिचं नाव काढायचं नाही. नाव कसलं, ठेवलंच नव्हतं. टोपडी, दुपटी माळ्यावर गेली. दूध मात्र येत होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आटायच्या गोळ्या दिल्या, छाती लुगड्याच्या धडप्यानं आवळून बांधली. मी सांगितलं तेव्हा जेवायची, सांगितलं तेव्हा निजायची. यांना काही विचारायची सोय नव्हती. विषय निघाला की हे उठून गोठ्यात जायचे. तिथं नेहमीच काहीतरी काम निघायचं.

तुमची शाळा तिकडं डोंगरात, घाटघरच्या अलीकडच्या वाडीवर. मेची सुट्टी लागली तशा तुम्ही लोणीला घरी आलात, पावण्याला घेऊन. पावणा म्हणजे तुमचा कुत्रा. शाळेच्या वऱ्हांड्यात पावसाचा येऊन बसला आणि परत गेलाच नाही, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तुम्ही माझ्याकडं एक दिवस बघितलंत, दोन दिवस बघितलंत. मग सकाळी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंना म्हणालात, "आई, हिला मी चार दिस धरणावर नेते."

"ओली बाळंतीण हाये ती. कुठं नेती उन्हातान्हात?"

"सव्वा महिना झाला."

"लोकं काय म्हनतील? दोघी बाया आन् कुत्रं."

"म्हनू दे. मी इचारत न्हाई आई, सांगती."

शाळेत तुम्ही पुस्तकातलं बोलायचात, घरी आलात की आमच्यासारखं. सासूबाई माझ्या नवऱ्याकडं बघायला लागल्या. हे म्हणाले, "जाऊ दे आक्का म्हनती तर." आणि गोठ्यात गेले.

नारायणगावला टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. हायवेवर क्रेटनी भरलेल्या टेम्पोंची रांग. जुन्नरच्या जीपवाल्यानं पावण्याला बघून हात आडवा केला.

"बाई, कुत्रं न्हाई घ्यायचो. पाशिंजर बोंबलत्यात."

"कुत्रं कुठं? पावणा हाये ह्यो. नाव इचार त्याला."

जीपमधली माणसं हसली. एका म्हाताऱ्यानं पाय आखडून जागा केली. पावणा तुमच्या पायांवर बसला आणि जुन्नर येईपर्यंत त्यानं माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली होती. मी ती बाजूला केली नाही. जवळही ओढली नाही. ठेवली होती, एवढंच.

त्या खोलीला वाडीतले लोक बंगला म्हणायचे. बंगला कसला, दोन खणांची लाकडी खोली, वर पत्रा, पुढं ओटी, आणि ओटीपासून उतरत गेलेला माळ थेट माणिकडोहच्या पाण्यापर्यंत. पुण्याच्या एका डॉक्टरांनी ती पावसाळ्यासाठी बांधली होती. श्रावणात तिथं धुकं आणि धबधबे बघायला माणसं यायची. मेमध्ये चिटपाखरू नसायचं. किल्ली ठकूबाईकडं असायची, तिचं घर वरच्या अंगाला होतं. तिच्या तिन्ही पोरी तुमच्या हाताखाली शिकलेल्या.

"बाई, आत्ता काय बगायला आलाव?" ती कुलूप काढता काढता म्हणाली. "पानी पार खाली गेलंय. निसता गाळ हाय."

"काई बगायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "झोपायला आलोय."

आणि खरंच तुम्ही झोपलात. मला वाटलं होतं तुम्ही मला समजावाल, देवाची इच्छा वगैरे सांगाल, निदान रड म्हणाल. तुम्ही दुपारी घोरलात. तुमच्या घोरण्यानं पावणा दचकून उठायचा, पत्र्याकडं बघायचा आणि पुन्हा पडायचा. ठकूबाई नाचणीच्या भाकरी आणि सुकट आणून द्यायची. संध्याकाळी तुम्ही मला करवंदं काढायला न्यायचात आणि वाटेत शाळेतल्या पोरांच्या भानगडी सांगायचात. मी हूं म्हणायची. हसले नाही म्हणून तुम्ही थांबला नाहीत, की मुद्दाम हसवायलाही गेला नाहीत. तीन माणसांचं कुटुंब असल्यासारखं चाललं होतं आपलं, त्यातला एक कुत्रा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपण ओटीवर बसलो होतो. मीच विचारलं.

"वन्सं, तुम्ही तिला बघितलंत ना?"

तुम्ही करवंदांचे देठ काढत होतात. हात थांबला नाही.

"बघितलं."

"कशी होती?"

"नको शालन."

"मी आई आहे तिची."

"म्हणूनच नको. आज मी सांगीन आन् तू जन्मभर बघत बसशील."

"आणि नाही सांगितलंत तर काय बघू? डोळे मिटले की नुसती दवाखान्याची भिंत दिसते."

"जाईल ती हळूहळू."

"भिंत जाईल. तिच्या जागी काय येईल, सांगा की."

तुम्ही करवंदांचं पातेलं उचलून आत गेलात. मला तुमचा राग आला. सव्वा महिन्यात मला आलेली ती पहिली गोष्ट. मी ओटीवरून उतरले आणि पाण्याच्या दिशेनं चालायला लागले. पावणा पुढं पळाला.

पाणी मागं हटलेलं होतं आणि मधे रुंद पट्टा गाळाचा. वरून तो वाळून भेगाळलेला, अगदी पाय ठेवण्यासारखा दिसायचा. पावण्याला टिटवी दिसली. तो तिच्यामागं त्या भेगांवरून धावत गेला आणि बराच आत गेल्यावर एकदम बुटका झाला. मला आधी कळलंच नाही काय झालं. मग दिसलं की त्याचे चारही पाय आत गेलेत. तो जितका धडपडला तितका रुतत गेला, पोटापर्यंत.

मी हाक मारली असणार, कारण तुम्ही पळत आलात. तशाच आत शिरलात. दुसऱ्या पावलाला गुडघ्याएवढ्या गेलात. तुमचं अंग भारी. मी तुमचा दंड धरून मागं ओढलं, एक चप्पल तिथंच राहिली. तोवर ठकूबाई वरून ओरडत आली.

"बाई, आत नका जाऊ. म्हस गेली व्हती आमची हितं. तवा लई मानसं लागली, तरी न्हाई निगाली."

ती माघारी पळाली आणि खोलीतल्या खाटेच्या दोन फळ्या आणि गाईचा कासरा घेऊन आली. फळी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, दुसरी पुढं सरकवायची. पण माणूस हलकं पाहिजे. तिनं तुमच्याकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ती न्हाई," तुम्ही म्हणालात. "तिचं अंग अजून भरलेलं न्हाई. कुत्रं गेलं तर गेलं."

तुमचा पावणा, वन्सं. रात्री तुमच्या पायाशी निजणारा. कुत्रं गेलं तर गेलं म्हणालात आणि तुमचा आवाज फाटला.

"मी जाते," मी म्हटलं.

कासरा माझ्या कमरेला तुम्हीच बांधलात. गाठ दोनदा ओढून बघितलीत. मी पालथी पडले. फळी तापलेली होती. गाळाला कुजक्या माशांचा वास होता. मी एक फळी सरकवायची, तिच्यावर अंग ओढायची, मग मागची ओढून पुढं घ्यायची. पावण्यानं भुंकणं थांबवलं होतं. नुसता माझ्याकडं बघत होता, कान पाडून. जवळ गेले तर घाबरून त्यानं माझं मनगट धरलं. दात लागले. मी दुसरा हात त्याच्या मानेखालून घातला, मग दातांतला हात सोडवून दोन्ही हात त्याच्या छातीखाली गाळात घातले आणि ओरडले, ओढा.

तुम्ही दोघींनी ओढलं. कासरा कमरेत रुतला. गाळ त्याला सोडेना. मला वाटलं माझे हात निघतील. पुन्हा ओरडले, मग सारखी ओरडतच राहिले, काय ते मला आठवत नाही. मग कसलातरी भसकन आवाज झाला आणि तो माझ्या अंगावर आला.

काठावर आल्यावर मी त्याला मारलं. तुम्ही बघितलंत ते. दोन्ही हातांनी मारलं त्याला, मर म्हटलं, मर एकदाचा. तो पळाला नाही. मग मी त्याला छातीशी धरलं आणि माझ्या घशातून जे निघालं ते बाहेर यायला सव्वा महिना लागला होता. ठकूबाईनं तोंड फिरवलं. तुम्ही शेजारी बसून राहिलात, एका पायात चप्पल घालून.

नंतर तुम्ही मला पाण्याच्या कडेला, खडक होता तिथं नेलंत. कळशीनं पाणी घातलंत. बाळंतिणीला घालतात तसं, आधी पाठीवर, मग डोक्यावर. केसांतला गाळ बोटांनी काढत होतात. माझ्या मागं उभं राहून म्हणालात,

"केस व्हते तिला. दाट. कपाळावर आलेले."

मी हलले नाही. हलले तर तुम्ही थांबाल असं वाटलं.

"बोटं लांब व्हती. तुझ्यासारखी."

कळशीभर पाणी आलं. आणखी एक कळशी.

"आणि?"

"एवढंच."

"चेहरा?"

"एवढंच, शालन. बाकीचं माझ्याकडं राहू दे."

चौथ्या दिवशी आपण परत आलो. सासूबाईंनी माझं मनगट बघितलं आणि तुम्हाला आठवडाभर बोलत होत्या. मी त्या दिवशी स्वतःहून ताट वाढून घेतलं, हे त्यांनी बघितलं की नाही कोण जाणे. तुम्ही बघितलंत.

नंतर प्रशांत झाला. तो झाला तेव्हा तुम्ही त्याला माझ्या हातात देण्याआधी क्षणभर स्वतःपाशी धरलंत आणि त्याच्या कपाळाकडं बघितलंत. तुम्ही काय पडताळून बघत होतात ते मला कळलं. विचारलं नाही. पावणा म्हातारा होऊन शाळेच्या वऱ्हांड्यातच गेला. पुढच्या सुट्टीत पुन्हा त्या खोलीत जाऊ, असं आपण किती वेळा म्हटलं. एकदा कांदा काढणीला आला, एकदा प्रशांतला गोवर निघाला, एकदा तुमची बदली झाली. मग त्या डॉक्टरांनी ती विकली, असं ठकूबाईची थोरली नारायणगावच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली.

पण भांडण आपलं चालूच राहिलं. वर्षातून एकदा तरी, आपण दोघीच असलो की, मी म्हणायची, "वन्सं, सांगा ना." तुम्ही कधी म्हणायचात, "तू अजून तिथंच का?" कधी म्हणायचात, "सांगीन, म्हातारी झाले की." एकदा खूप चिडून म्हणालात, "तुला एक पोरगं आहे चालतंबोलतं, त्याचं तोंड बघ." त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही माझ्या वाटणीची धुणी धुऊन टाकलीत. मी तुम्हाला चहा दिला. आपली माफी अशीच असायची, दोन्हीकडची.

गेल्या महिन्यात नारायणगावच्या दवाखान्यात तुमच्या फुप्फुसातलं पाणी दुसऱ्यांदा काढलं. दुपारची वेळ होती. प्रशांत मोबाईलवर बोलत बाहेर गेला होता. तुम्ही जाग्या होतात, बरं वाटत होतं तुम्हाला, अर्धी मोसंबी खाल्लीत. मी म्हटलं, "वन्सं, झालात की आता म्हाताऱ्या."

तुम्हाला लगेच कळलं. तुम्ही छताकडं बघितलंत. मला वाटलं आता सांगाल.

"इसरले ग, शालन," तुम्ही म्हणालात. "खरंच इसरले."

तुमचा हात माझ्या हातात होता. तुम्ही तो काढून घेतला नाहीत. मी मोसंबीची सालं गोळा केली. वन्सं, तुम्ही शाळेतल्या एकेका पोराचं नाव, त्याच्या आईचं नाव, त्याची वाडी शेवटपर्यंत सांगत होतात. आणि ते विसरलात? की मला आता तरी सुटू द्यावं म्हणून म्हणालात? मी हे तेव्हाच विचारायला हवं होतं, असं म्हणत नाही. विचारलं असतं तरी तुम्ही तेच म्हणाला असतात. पण मला तुमच्याशी त्यावरून अजून भांडायचं होतं. आणखी दहा-वीस वर्षं भांडायचं होतं.

आज सकाळी पाहुणे पांगले. घरात आम्ही दोघंच. हे अंगणात बसून बैलाचं दावं वळत होते. मी जाऊन समोर बसले. आमच्या सगळ्या संसारात मी यांना कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायला तुम्ही होतात. आज विचारलं.

"तुम्ही बघितलं होतं ना तिला? कशी दिसत होती?"

मला वाटलं हे उठतील. गोठ्याकडं बघितलंही त्यांनी. पण बसून राहिले.

"मी न्हाई बघितलं," हे म्हणाले. "आक्कानं फडकं सारू दिलं न्हाई. म्हनली, तू बाप हायेस, तुला न्हाई झेपायचं. खड्डा मी खांदला. ठेवली तिनं. माती बी तिनंच लोटली. मला पाठ फिरवून हुबं केलं व्हतं."

"तुम्ही कधी विचारलं नाही त्यांना?"

"इचारलं की. दर साली इचारलं." दाव्याचा पीळ त्यांच्या हातात सुटत चालला होता. "सांगीन म्हनायची."

तुम्ही आम्हा दोघांनाही तेच उत्तर देत होतात, वन्सं. एकाच घरात, एकमेकांच्या नकळत, आम्ही दोघं तुमच्यापाशी येऊन एकच मागत होतो, आणि तुम्ही दोघांनाही ओझ्याला हात लावू दिला नाहीत. तुम्हाला मूल नव्हतं. आमचं मूल एकट्या तुम्हीच पाहिलं होतं.

मला तुमचा राग येतोय. त्या सकाळी ओटीवर आला होता तसाच.

मी यांना म्हटलं, "केस होते तिला. दाट. कपाळावर आलेले. बोटं लांब होती."

हे माझ्याकडं बघायला लागले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दावं खाली ठेवलं त्यांनी.

"परत सांग," हे म्हणाले.